बाबा, हे तेल निरोपाचं नाही

प्रिय आई-बाबा,

जय ख्रिस्त.

काल आईने फोनवर सांगितलं. फादर घरी आले, बाबांच्या ऑपरेशनच्या आधी रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा संस्कार, घेऊ या म्हणाले आणि बाबा उठून मागच्या वाडीत निघून गेले. जाताना म्हणाले, "मी अजून चाललो नाही." रात्रभर तेच कानात होतं. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुम्ही कशाला भ्यालात ते मला ठाऊक आहे. आजोबांची गोष्ट तुम्हीच सांगितली होती. तुम्ही तेव्हा दहा वर्षांचे. आजोबांची शुद्ध हरपली, मग कोणीतरी फादरांना आणायला धावलं. डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय, सगळीकडे तेल लागलं आणि ते बघताच ओटीवरच्या बायका रडायला लागल्या. उजाडायच्या आत आजोबा गेले. तेल आलं म्हणजे माणूस जाणार, हे तुमच्या मनात तिथेच बसलं. त्यात तुमची काय चूक? तेव्हा या संस्काराचं नावच 'शेवटचा अभ्यंग' होतं.

पण आपल्या चर्चनेच हे बदललं आहे. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली सांगितलं, की हा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्या माणसासाठी नाही. आजाराने किंवा म्हातारपणाने जीवाला धोका दिसू लागला, की तो घ्यायची वेळ आलेलीच असते. पोप सहावे पॉल यांनी 1972 मध्ये विधीही सुटसुटीत केला. आता तेल लागतं ते कपाळाला आणि हातांना. मोठ्या ऑपरेशनआधी तो घेता येतो, दुखणं बळावलं तर पुन्हाही घेता येतो. निरोपाची गोष्ट पुन्हा पुन्हा कशी होईल?

आणि बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं, पाचव्या अध्यायातलं ते वचन बघा. दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्यांना, बोलवावं, असं तिथे म्हटलंय. दुखणाइताने. शुद्ध हरपलेला माणूस कसा बोलावणार?

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. दोन वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं, तेव्हा आदल्या संध्याकाळी मीही रुग्णाभ्यंग घेतला होता. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही. फादरांकडे अंगठ्याएवढी धातूची डबी होती, आत तेलात भिजलेला कापूस. आधी काही न बोलता त्यांनी माझ्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. बराच वेळ ठेवले. मग कपाळावर क्रूस, मग दोन्ही तळहातांवर. तेल पुसलं जाऊ नये म्हणून मी हात उताणे ठेवूनच पडून राहिले आणि तशीच झोपले. ऑपरेशनची भीती गेली नव्हती, पण त्या भीतीत मी एकटी नव्हते. मला तुमच्यासाठी तेवढंच हवंय, बाबा. गोळ्या आणि डॉक्टर आपल्या जागी आहेतच.

मरणाऱ्याचा खरा संस्कार वेगळा आहे. तो म्हणजे शेवटचा ख्रिस्तप्रसाद, मरणाआधी घ्यायची पवित्र भाकर. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ वाटेची शिदोरी. त्याची घाई आपल्याला नाही. आणि तेल काय तुम्हाला नवीन आहे? बाप्तिस्म्याला लागलं, दृढीकरणाला, म्हणजे श्रद्धा पक्की करायच्या संस्काराला, बिशपांनी कपाळी लावलं. आजाऱ्यांचं तेल त्याहून वेगळं, पण तेही पवित्र आठवड्यात बिशपच आशीर्वादित करतात.

आई, तूही बाबांच्या शेजारी बसून घे. तुझं वय आणि तुझे गुडघे बघता फादर नाही म्हणणार नाहीत.

मी शुक्रवारी रात्री पोचते. शनिवारी संध्याकाळी फादरांना बोलाव. पुढच्या खोलीतल्या टेबलावर पांढरं कापड, क्रूस आणि दोन मेणबत्त्या ठेव. पापनिवेदन करायचं असेल तर त्यांना थोडं आधी यायला सांग, तेवढा वेळ आपण दोघी वाडीत बसू.

तुमची लाडकी,
बेबी