उत्तरेतल्या शाळांना दोन वर्षांचे पाहुणे नकोत, गावातले शिक्षक हवेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची शहाद्याची, गेली चौदा वर्षं कॅनडात, सध्या थंडर बे ला असते. तुमचा पेपर रोज सकाळी चहाबरोबर मोबाईलवर वाचते पण पत्र पहिल्यांदाच लिहितेय. कारण असं झालं की नाशिकची माझी भाची बी.एड. करून इथे आलीय, तिचा मागच्या आठवड्यात फोन आला, मावशी मला उत्तरेकडच्या एका गावातल्या शाळेत जॉब मिळतोय, राहायला घर देतात, पगार बरा आहे, दोन वर्षं काढली की टोरांटोकडे सरकता येईल, घेऊ का? असे फोन मला आपल्या लोकांचे वर्षातून तीन चार तरी येतात आणि तिकडून तुमचे वाचकही आपल्या मुलामुलींना हाच सल्ला देत असतील म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मी स्वतः अशा एका गावात तीन वर्षं शिकवलंय. नाव लिहीत नाही, वस्ती चारशेच्या आत आहे, लोक लगेच ओळखले जातील. छोट्या विमानाने जायचं, रस्ता नाही. म्हणजे रस्ता होतो पण फक्त जानेवारी ते मार्च, तळी आणि नद्या गोठल्या की त्यांच्यावरून ट्रक चालतात, त्याला विंटर रोड म्हणतात, वर्षाचं डिझेल, लाकूड, पत्रे, शाळेची बाकं सगळं तेवढ्यात आणून ठेवायचं. हल्ली थंडी पूर्वीसारखी पडत नाही, रस्ता उशिरा होतो आणि लवकर फुटतो, फेब्रुवारी २०२४ मध्ये तर निश्नॉबे आस्की नेशन या इथल्या ४९ फर्स्ट नेशन्सच्या (म्हणजे कॅनडाच्या मूळ रहिवाशांच्या, मी शिकवलं ते गावही त्यांचंच) संघटनेला त्यापायी आणीबाणी जाहीर करावी लागली होती.

पहिल्या दिवशी चौथीच्या वर्गात गेले तर पुढच्या बाकावरच्या पोरीने मला नाव नाही विचारलं, ती म्हणाली, "तू कधी जाणार?" मला वाटलं शाळा कधी सुटणार असं विचारतेय. मग वर्गातल्या असिस्टंट ताईंनी (त्या गावातल्याच, मी त्यांना अजूनही ताईच म्हणते) बाजूला घेऊन सांगितलं की या वर्गाने दोन वर्षांत चार शिक्षक बघितलेत, मी पाचवी. त्यातला एक ख्रिसमसच्या सुट्टीला गेला तो परत आलाच नाही, त्याचा स्वेटर तेव्हाही स्टाफरूमच्या खुंटीला होता.

संपादक साहेब, या शाळांबद्दल काहीही चर्चा करायची तर मला वाटतं इथूनच सुरू करावी. लोक कॉम्प्युटर, इंटरनेट, इमारत म्हणतात, ते सगळं लागतंच, पण दर वर्षी नवीन माणूस येणार, मुलांची नावं पाठ होईपर्यंत नोव्हेंबर उजाडणार, जूनमध्ये तो बॅगा भरणार, मग त्या मुलाने कशाला कोणावर विश्वास टाकायचा आणि कशाला वाचायला शिकायचं. विश्वासाची गोष्ट तर तिथे अजूनच नाजूक आहे कारण त्या मुलांच्या आज्या-आजोबांना लहानपणी घरातून उचलून निवासी शाळांत घातलं होतं, भाषा बोलली तर मार. देशभरात दीड लाखाहून जास्त मुलं त्या शाळांतून गेली आणि शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे कालपरवाच. पालक मीटिंगला येत नाहीत म्हणून नवीन शिक्षक कुरकुर करतात, त्यांनी आधी हे वाचावं.

पैशाचा विषय पण आहेच. रिझर्व्हवरच्या (मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरच्या) शाळांचा खर्च प्रांताकडे नसून ओटावाच्या केंद्र सरकारकडे असतो. १९०५ च्या ट्रीटी नाइन या फर्स्ट नेशन्सबरोबरच्या करारात जमिनीच्या बदल्यात शिक्षकांचे पगार आणि शाळेच्या इमारती द्यायचं सरकारने कबूल केलं होतं, हे लेखी आहे. तरी १९९६ पासून २०१६ पर्यंत या निधीत वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढ नाही असं बंधन होतं, महागाई वाढली मुलं वाढली पण पैसे त्या मानाने वाढले नाहीत. २०१९ पासून नवीन सूत्र आलं, भाषा आणि संस्कृतीसाठी दर मुलामागे वर्षाला १५०० डॉलर वेगळे मिळायला लागले, ते चांगलंच झालं.

अट्टावापिस्कट या जेम्स बे जवळच्या गावाची गोष्ट इथे शिक्षक लोक अजून सांगतात. १९७९ मध्ये शाळेखाली डिझेल गळलं, मुलांना वासाने त्रास व्हायचा, शेवटी २००० साली शाळा बंद केली आणि मुलं पोर्टेबल खोल्यांत बसायला लागली, उणे चाळीसमध्ये एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कोट घालून जायचं. शॅनन कूस्टाचिन नावाच्या आठवीतल्या मुलीने आणि तिच्या वर्गाने देशभर पत्रांची मोहीम चालवली, मे २००८ मध्ये ही मुलं थेट ओटावाला मंत्र्यांकडे गेली, मंत्र्यांनी पैसे नाहीत म्हणून सांगितलं. आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात, ११ जूनला, पंतप्रधानांनी संसदेत निवासी शाळांबद्दल माफी मागितली. शॅनन पुढे शिकायला घरापासून शेकडो किलोमीटर लांब गेली आणि २०१० मध्ये १५ वर्षांची असताना रस्ता अपघातात वारली. २०१२ मध्ये तिच्या नावाचा ठराव संसदेत एकमताने पास झाला, नवीन शाळा उघडली २०१४ मध्ये. १४ वर्षं. २००० साली पहिलीत गेलेलं मूल तोवर वीस वर्षांचं झालेलं असणार.

लांब जाण्यावरून आठवलं, हे मला फार लागतं. आमच्याकडे आठवी झाली की गावात पुढे वर्ग नाही. आठवीच्या ग्रॅज्युएशनला अख्खं गाव यायचं, मूसचं (इथलं मोठं हरीण) मटण, बॅनक (त्यांची जाड भाकरीसारखी ब्रेड), मुलींना गाऊन, आज्या रडायच्या. तेव्हा मला वाटायचं आठवीलाच एवढा सोहळा कशाला. ऑगस्टच्या शेवटी कळलं, तीच तेरा चौदा वर्षांची पोरं एकेक बॅग घेऊन विमानात बसली, थंडर बे ला अनोळखी घरात राहून हायस्कूल करायला. २००० ते २०११ मध्ये अशी शिकायला आलेली सात मुलं या शहरात दगावली. त्याची मोठी चौकशी झाली, २०१६ मध्ये १४५ शिफारशी आल्या, त्यात गावातच शाळा हव्यात ही पण मागणी होती. मी रोज नदीवरच्या पुलावरून कामाला जाते आणि ती मुलं आठवल्याशिवाय एक दिवस जात नाही.

उपाय नाहीत असं नाही. कीवेटिनूक इंटरनेट हायस्कूल २००० सालापासून चालू आहे, छोट्या गावात एक खोली, एक शिक्षक समोर, बाकी विषयांचे शिक्षक दुसऱ्या गावांतून ऑनलाइन, मूल रात्री आपल्या घरी झोपतं. क्युबेकच्या उत्तरेला क्री लोकांनी १९७५ च्या करारातून स्वतःचं स्कूल बोर्ड मिळवलं, १९७८ पासून ते चालवतायत, वसंतात हंस येतात तेव्हा शाळेला सुट्टी देतात, गूस ब्रेक, सगळी कुटुंबं शिकारीच्या कॅम्पवर. आमच्याकडे तशी सुट्टी नव्हती, त्या दिवसांत निम्मा वर्ग गैरहजर आणि मी बिनडोकासारखी लाल शेरे मारत बसायचे, त्याचं मला आज वाईट वाटतं.

एक दिवस मात्र नीट शिकवलं गेलं तो सांगते. जानेवारीत ताईंचा भाऊ, विंटर रोडच्या कामावरचा, वर्गाला तळ्यावर घेऊन गेला. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, खाली हुक असलेली पट्टी आत सोडायची, हुक बर्फाच्या खालच्या कडेला अडकला की इंच वाचायचे. निळा बर्फ पक्का, त्याची जाडी पूर्ण धरायची, पांढरा बर्फ म्हणजे भिजलेला स्नो गोठून झालेला, तो निम्म्या ताकदीचा, म्हणून निम्मा धरायचा. वर्गात अपूर्णांक म्हटलं की बाकावर डोकं टेकवणारा एक मुलगा तिथे गुडघ्यावर बसून, हातमोजा दातात धरून म्हणाला बारा निळे, सहा पांढरे, म्हणजे पंधरा, अजून ट्रक नको. आधी त्यांच्या भाषेत म्हणाला मग माझ्यासाठी इंग्लिशमध्ये. त्यांची ओजी-क्री भाषा आहे, लिपी पण वेगळी, आपल्या बाराखडीसारखंच पण काना मात्रा लावण्याऐवजी अक्षरच चार दिशांना फिरवतात, दिशा बदलली की स्वर बदलला. मी फळ्यावर आपली बाराखडी काढून दाखवली तर मुलं उठून जवळ आली होती.

तो धडा मी शिकवला नव्हता, ताई आणि त्यांच्या भावाने शिकवला. ताई बारा वर्षं त्या वर्गात होत्या, प्रत्येक मुलाची आई मावशी आजी त्यांना माहीत, पण पगार असिस्टंटचा, कारण डिग्री नाही, आणि डिग्रीसाठी चार वर्षं गाव सोडून चार पोरं कोणाकडे ठेवायची. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पैसा आधी इथे घाला, टीचर ट्रेनिंग गावात न्या, उन्हाळ्यात आणि ऑनलाइन, मुलांना सांभाळायची सोय करा. नुनावुत या अगदी उत्तरेकडच्या इनुइट लोकांच्या प्रदेशात हेच राहिलं, २००८ च्या कायद्यात सगळ्या इयत्तांना इनुक्टिटुट भाषेत शिक्षण २०१९-२० पर्यंत देऊ म्हणाले, तेवढे इनुइट शिक्षक तयारच झाले नाहीत आणि २०२० मध्ये ती मुदत थेट २०३९ वर नेली.

हे सगळं मला नवीन वाटलं नाही त्याचं कारण माझे वडील. ते धडगाव तालुक्यात जि.प. शाळेत अकरा वर्षं गुरुजी होते, पावरी ही तिथल्या आदिवासींची बोली शिकले, मुलांना आधी पावरीत गोष्ट सांगायचे मग मराठीत. आज त्याला अवघड क्षेत्र म्हणतात आणि बदलीचा फॉर्म भरताना पहिला विचार तिथून सुटायचा. नर्मदेच्या काठावर जीवनशाळा निघाल्या त्यात गावातलीच शिकलेली पोरं शिक्षक झाली, ती कुठे बदली मागणार. आणि आता पट वीसच्या आत म्हणून शाळा बंद करून मुलांना लांबच्या शाळेत न्यायची भाषा होते तेव्हा मला ती विमानात बसणारी पोरं दिसतात, तुमच्या पेपरने हा विषय सोडू नये ही कळकळीची विनंती.

मी तीन वर्षांनी निघाले, आईचं आजारपण होतं, पण पुढच्या बाकावरच्या त्या पोरीला ते कारण सांगून काय उपयोग. ताई मात्र नंतर उन्हाळ्याच्या कोर्सला लागल्या, पाच उन्हाळे केले, आता दुसरीचा वर्ग त्यांच्या नावावर आहे.

भाचीला मी नाही म्हटलं नाही. तिला सांगितलं जा, पण किमान चार वर्षांसाठी जा, आणि कॉन्ट्रॅक्टवर सही करायच्या आधी मुख्याध्यापकांना घराचं भाडं विचारायच्या अगोदर हे विचार की माझ्या वर्गात गावातली कोण बाई आहे, तिचं ट्रेनिंग कुठवर आलंय आणि ते पूर्ण व्हायला मी तिला काय मदत करू शकते. तिने अजून फोन केलेला नाही.

कळावे, लोभ असावा.
आपली एक वाचक,
थंडर बे, कॅनडा (मूळ शहादा, जि. नंदुरबार)