मसुरासारखे नसलेले भिंग

नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगाव
रविवार

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ज्याला स्वतःचा उजेड नाही आणि ज्याच्या सोबतीला एकही तारा नाही, असे एकटे कृष्णविवर सापडलेच कसे, हा तुझा प्रश्न गेले चार दिवस माझ्या मनात घोळतो आहे. रात्री खानापूरहून घरी येताना लांबच्या वस्तीवरचा दिवा क्षणभर दिसेनासा झाला, तर कोणीतरी आड आले हे आपल्याला कळते. आकाशात मात्र नेमके उलटे घडते. आड आलेली काळोखी वस्तू मागच्या ताऱ्याला झाकत नाही, उजळवते.

याचे कारण वस्तुमान प्रकाशाला वाकवते. आमच्या शाळेतले कन्नड सहकारी भिंगाला ‘मसूर’ म्हणतात, आणि मसुराचा दाणा बोटांत धरून पाहिला की ते नाव किती चपखल आहे हे पटते. पण गुरुत्वाचे भिंग मसुरासारखे नसते. मसुराच्या आकाराचे भिंग कडेच्या किरणांना जास्त वाकवते आणि मधल्यांना कमी. गुरुत्व मात्र जवळून जाणाऱ्या किरणाला जास्त वाकवते आणि लांबच्याला कमी. मागच्या महिन्यात घरातला आइस्क्रीमचा काचेचा पेला देठापाशी तुटला, तेव्हा त्याचा तळ मी टाकू दिला नाही, कारण देठाकडे जाड आणि कडेला पातळ होत जाणारी ती काच या भिंगाच्या बरीच जवळची आहे. तिच्यातून मेणबत्तीकडे पाहिले की ज्योत थोडी बाजूला असताना उजेडाच्या दोन चंद्रकोरी दिसतात, आणि बरोबर मध्यावर आली की उजेडाचे कडे होते. आठवीच्या मुलांना ते दाखवले, तेव्हा एकेकाने दोन-दोनदा रांग लावली.

ताऱ्याच्या बाबतीत या दोन प्रतिमांतले अंतर कोनाच्या सेकंदाच्या (म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागाच्या) हजाराव्या भागाच्या घरात असते. दुर्बिणीला त्या वेगळ्या दिसत नाहीत, दोघींचा मिळून वाढलेला उजेड तेवढा दिसतो. आइन्स्टाइन यांनी १९३६ मध्ये हे गणित प्रसिद्ध केले, पण असे काही प्रत्यक्ष पाहायला मिळण्याची फारशी आशा नाही, असेही त्यांनी त्यात लिहिले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण आकाशगंगेच्या मध्यभागाकडे पाहताना दहा लाख ताऱ्यांमागे एखाद-दुसराच तारा एका वेळी असा उजळलेला असतो. पोलंडचे बोहदान पाचिन्स्की यांनी १९८६ मध्ये यावर उपाय सुचवला, की लाखो ताऱ्यांवर रोज नजर ठेवावी. १९९३ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी अशा पहिल्या घटना जाहीर केल्या. मला स्वतःला या सात वर्षांचे फार अप्रूप वाटते.

तू विचारशील, तारे तर एरवीही कमी-जास्त उजळतात, मग हे ओळखायचे कसे? आपणहून उजळणाऱ्या ताऱ्याचा बहुधा रंग बदलतो, आणि अनेकदा तो पुन्हा पुन्हा उजळतो. गुरुत्वाला मात्र तांबड्या-निळ्याचा भेद नाही. उजेड ज्या चालीने चढतो त्याच चालीने उतरतो, आणि तो तारा पुन्हा तसा उजळत नाही. किती काळ उजळतो, यावरून आड आलेल्या वस्तूच्या वजनाचा अंदाज येतो. गुरूएवढा ग्रह असेल तर साधारण दिवसभर, पृथ्वीएवढा असेल तर काही तास, सूर्याएवढी वस्तू असेल तर कित्येक आठवडे.

खरी मेख इथेच आहे. हलकी वस्तू सावकाश सरकत असेल, तर तीही भारी वस्तूएवढाच वेळ घेते. २०११ मध्ये चिली आणि न्यूझीलंड येथील दुर्बिणींनी टिपलेला एक तारा असाच कित्येक महिने उजळत राहिला होता. केवळ उजेडावरून निकाल लागेना, म्हणून हबल दुर्बिणीने सहा वर्षे त्या ताऱ्याची जागा मोजली, कारण भिंगामुळे त्याची जागाही किंचित सरकलेली दिसते. ते सरकणे म्हणजे चार-पाच हजार किलोमीटरवर ठेवलेल्या रुपयाच्या नाण्याची रुंदी समज. २०२२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कैलाश साहू यांच्या गटाने आड आलेल्या वस्तूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे सातपट काढले. दुसऱ्या गटाचा आकडा बराच कमी आला, इतका की ती वस्तू न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा अतिशय दाट गाभाही, असू शकली असती. पुढच्या मोजणीत ते कृष्णविवरच ठरले. ते आपल्यापासून सुमारे पाच हजार प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्याकडून प्रकाशाचा एक कणही न घेता केवळ वजनावरून त्याचा ठाव लागला, हे मला या साऱ्या शोधातले सर्वांत मोठे वाटते.

ती जागा तुला दाखवता येईल. मूळ आणि पूर्वाषाढा या नक्षत्रांच्या मधोमध, आकाशगंगा सर्वांत दाट दिसते, त्याच पट्ट्यात ती आहे. हल्ली पहाटे पाचला उठलो तर आमच्या गच्चीवरून आग्नेयेला दिसते; वैशाखात मध्यरात्रीच्या आतच वर आलेली असते, आणि तोवर तुझ्या मुलांच्या परीक्षाही संपलेल्या असतील. चार दिवस सवड काढून सगळे या. पेल्याचा तळ कापडात गुंडाळून कपाटात ठेवला आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत