'गोपनीय'चा शिक्का अख्ख्या फाइलवर नको, त्या पानावर मारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाची प्रत काढायला गेलो होतो. काउंटरवर एका पंपघराचा भलामोठा नकाशा पसरला होता. मुख्य व्हॉल्व्ह कुठे, विजेचे पॅनल कोणत्या खोलीत, कॅमेरे कोणत्या कोपऱ्यात, सगळे त्यात. ठेकेदाराचा माणूस प्रती घेऊन गेला. फाइल मात्र दुकानाच्या कॉम्प्युटरवरच राहिली. 'परत लागली तर असू दे,' दुकानदार म्हणाला. (दुकान आणि पंपघर कोणते, हे मुद्दाम लिहीत नाही.)

त्याच आठवड्यात माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर आले. आमचा जलकुंभ शेवटचा कधी धुतला आणि क्लोरीन तपासणीचे निकाल काय, एवढेच मी विचारले होते. उत्तर एका ओळीचे: 'सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही.'

संवेदनशील म्हणजे नेमके काय, हे लेखी ठरलेले नसले की असेच होणार. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० मध्ये अतिमहत्त्वाच्या यंत्रणेची व्याख्या आहे, पण ती संगणक यंत्रणेपुरती. ठेकेदाराच्या हातातला कागदी नकाशा तीत कुठे बसतो?

लपवायला माझा विरोध नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तो घातपात की चूक, यावर पुढे राज्य आणि केंद्राचे सूर जुळले नाहीत. पण एका ठिकाणचा बिघाड किती लोकांना भोवतो, ते कळवेकरांनी अनुभवले. म्हणून नकाशे, पासवर्ड, पहाऱ्याच्या पाळ्या बंदच ठेवा. ठेकेदाराला नंबर घातलेली प्रत द्या आणि काम संपले की मोजून परत घ्या.

पाण्याच्या तपासणीचे निकाल, सफाईच्या तारखा, दुरुस्तीचा खर्च मात्र आमच्या हक्काचा आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम १० तर सांगतेच, की न देण्याजोगा भाग वगळून उरलेला द्या. मग अख्खी फाइल कुलपात का? प्रत्येक जलकुंभ, पंपघर, वीज उपकेंद्रासाठी काय बंद, काय खुले, याची यादी करून ती जाहीर करायला हवी.

मी पहिले अपील केले आहे. नकाशाबद्दलही लेखी कळवले, पोच मिळाली. परवा दुकानात विचारले. फाइल अजून तिथेच आहे.

– एक वाचक, कळवा (ठाणे)