किती टक्के चान्स आहे, सिस्टर?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या आयसीयूत २६ वर्षं सिस्टर होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, लालबागला राहते. या २६ वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "किती टक्के चान्स आहे, सिस्टर?" रात्री अडीच वाजता दाराबाहेर चपला काढून उभा असलेला मुलगा विचारायचा. एका हातात औषधांची चिठ्ठी, दुसऱ्या हातात घरून आलेला डबा, तसाच बंद. मी ठरलेलं उत्तर द्यायचे, "डॉक्टर सांगतील." आणि डॉक्टर पुष्कळदा अंदाजानं सांगायचे. हे पत्र त्या अंदाजाबद्दल आहे.

घरात, रस्त्यात, फलाटावर ज्यांचं हृदय एकाएकी बंद पडतं, त्या पेशंटविषयी मी लिहिते आहे. (हार्ट ॲटॅक वेगळा. त्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, माणूस घाम पुसत चालत दवाखान्यात येऊ शकतो. इथे पंपच थांबतो आणि काही सेकंदांत शुद्ध जाते.) छाती दाबायला आणि शॉक द्यायला कुणी नसेल, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. काहींचं हृदय रुग्णालयात परत सुरू होतं. खरा प्रश्न तिथून पुढे: मेंदू किती परत येईल?

एक सकाळ सांगते. ५४ वर्षांचे गृहस्थ आले, दादरच्या फलाटावर कोसळलेले. दोन हमाल आणि एक कॉलेजचा पोरगा, तिघांनी मिळून टॅक्सीत घालून आणलं. कॅज्युअल्टीत शॉक दिला, नाडी लागली, ट्यूब टाकली, वर आमच्याकडे पाठवलं. केसपेपरवर एकच ओळ: स्टेशनवर बेशुद्ध अवस्थेत सापडले. कोसळताना कुणी पाहिलं का, किती वेळ पडून होते, काही नाही. राउंडला डॉक्टर म्हणाले, डाऊनटाइम अननोन, म्हणजे हृदय किती वेळ बंद होतं ते माहीत नाही, फार आशा धरू नका.

दुपारी जेवायला निघाले तर तो पोरगा व्हरांड्यात बसलेला. घरचं कुणी येईपर्यंत साहेबांची बॅग मांडीवर घेऊन बसला होता. मी सहज विचारलं. म्हणाला, "८.१४ ची स्लो लागत होती. ते माझ्या पुढेच उभे होते. गाडी लागता लागता खाली बसले आणि आडवे झाले. आम्हाला एनसीसीत शिकवलं होतं, मी लगेच छाती दाबायला घेतली. टॅक्सीत घातलं तेव्हा ८.२६ ची सुटत होती. टॅक्सीत पण दाबत होतो, पण नीट जमत नव्हतं." घड्याळाकडे बघायची सुद्धा गरज पडली नाही त्याला. हे शहर मिनिटं लोकलवरून मोजतं, महोदय. कुणाचा नवरा कधी कोसळला हे बायकोला 'जेवायच्या सुमारास' असं आठवेल, पण फलाटावरच्या माणसाला गाडी आठवते. त्याला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

मी केसपेपरवर निळ्या पेननं लिहिलं: ८.१४ ला पडले, पडताना पाहिले, लगेच छाती दाबली. सिस्टरनं डॉक्टरांच्या कागदावर असं लिहायचं नसतं. संध्याकाळी हाऊसमननं विचारलंच, हे कुणी लिहिलं? मी म्हटलं, मी. तो वाचून गप्प बसला, आणि रात्री नातेवाइकांशी वेगळ्या सुरात बोलला. पाचव्या दिवशी त्या गृहस्थांनी डोळे उघडले. अठराव्या दिवशी चालत घरी गेले, जरा विसराळू होऊन, पण चालत.

माझ्या निळ्या पेननं ते वाचले असं मी म्हणत नाही. तो पोरगा आणि तो शॉक, यांनी वाचवलं. पण पेशंट पुढे कसा निघेल हे सांगायला जी माहिती लागते, त्यातली निम्मीअधिक रस्त्यावरच तयार होते आणि कॅज्युअल्टीच्या दारात सांडते. लंडनच्या डॉक्टरांनी २०२० साली 'मिरॅकल-२' नावाची गुणांची पद्धत मांडली. त्यात काय बघतात? कोसळताना कुणी पाहिलं का, हृदयाच्या ठोक्यांची पहिली पट्टी (ईसीजी) शॉक देण्याजोगी होती की नाही, पुढे ती बदलत गेली का, डोळ्यांच्या बाहुल्या टॉर्चला आक्रसतात का, वय किती, रक्त किती आम्लधर्मी झालं, ॲड्रेनलिन द्यावं लागलं का. यात महागडं काही नाही. पण पहिल्याच प्रश्नाचं उत्तर आपल्या कागदावर नसतं.

युरोपच्या तज्ज्ञ संघटनांनी २०२१ मध्ये नियम घालून दिला: हृदय परत सुरू झाल्यापासून किमान ७२ तास जाईपर्यंत, आणि झोपेच्या औषधांचा अंमल उतरेपर्यंत, 'हा उठणार नाही' असा निकाल द्यायचा नाही. त्यानंतरही एकाच खुणेवर विसंबायचं नाही, वाईट खुणा निदान दोन तरी हव्यात. कापसाची वात बुबुळाला लावली तर पापणी मिटते का. मनगटाच्या नसेला विजेचा बारीक झटका दिला तर तो मेंदूपर्यंत पोचतो का. मेंदूच्या लहरींचा आलेख, रक्तातलं एनएसई (मेंदूच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं प्रथिन), सीटी किंवा एमआरआय. यातलं सगळं प्रत्येक रुग्णालयात मिळणार नाही, मान्य. पण टॉर्च, कापूस आणि तीन दिवसांचा धीर मिळायला हरकत नसावी. मी नखावर पेन दाबून, कानाशी घरचं नाव घेऊन कितीतरी पेशंट तपासले. झोपेचं इंजेक्शन चालू असताना कुणीच नीट प्रतिसाद देत नाही. ते बंद केल्यावर कधी दुसऱ्या, कधी तिसऱ्या दिवशी भुवई हलते.

आता घरचं सांगते. माझे दीर. त्यांचंही हृदय असंच बंद पडून परत सुरू झालं होतं. उपनगरातल्या एका खासगी रुग्णालयात होते, नाव घेत नाही. तिसाव्या तासाला आम्हाला बोलावून सांगितलं, ब्रेन गेलाय, पैसे घालवण्यात अर्थ नाही. सिरिंज पंपावर झोपेचं औषध चालू होतं, मला काचेतून दिसत होतं. जाऊबाईंनी मंगळसूत्र आधीच गहाण ठेवलं होतं. डामाचा फॉर्म पुढे आला, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध स्वेच्छेनं नेत आहोत. सल्ला त्यांचाच, आणि विरुद्ध आम्ही! साक्षीदार म्हणून मी सही केली. २६ वर्षांची सिस्टर, नियम पाठ असलेली. घरी आणल्यावर दोन तासांत ते गेले. ते उठले असते की नाही, मला ठाऊक नाही. आता ते कुणालाच कळणार नाही.

यातली मेख अशी. पेशंट जगणार नाही असं सांगितलं, म्हणून नातेवाइकांनी घरी नेला, म्हणून तो गेला, म्हणून अंदाज बरोबर ठरला. हा अंदाज कधी चुकूच शकत नाही. उद्या कुणी तुमच्या टेबलावर एआयचं यंत्र आणून ठेवेल, पेशंट उठणार की नाही ते सांगणारं. ते यंत्र अशाच आकड्यांवर शिकलं, तर आमच्या दिरांसारखे सगळे त्याच्या वहीत 'न उठणारे' म्हणून जातील. परदेशातलं आणलं, तर ते अशा पेशंटवर घडलेलं असेल की ज्यांची पहिली पट्टी रुग्णवाहिकेत रस्त्यावरच निघते. आपला पेशंट टॅक्सीत येतो.

उपचार थांबवायचा कायदाही आहे आपल्याकडे, आणि त्याची सुरुवात मुंबईतूनच झाली. अरुणा शानबाग आमच्यातलीच, केईएमची सिस्टर. गळा आवळल्यानं मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती केईएममध्येच ४२ वर्षं भान न येता पडून राहिली. तिच्यावरून २०११ चा निकाल आला, मग सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा, मग २०२३ मध्ये तो सोपा केला. आज रीतसर मार्ग म्हणजे डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती. आणि गरिबाचा मार्ग म्हणजे डामाचा तीन ओळींचा फॉर्म.

म्हणून मागणं. अशा पेशंटला पहिले ७२ तास आयसीयूतून पैशांपायी हलवायला लागू नये, ती हमी महात्मा जोतिराव फुले योजनेतून स्पष्ट शब्दांत द्या. खासगी रुग्णालयांनाही ती बांधून घाला. ७२ तासांच्या आत डामावर सही घ्यायची असेल, तर झोपेचं औषध शेवटचं कधी दिलं हे त्याच कागदावर लिहायला लावा. एवढ्या एका ओळीनं बरीच घाई कमी होईल. जे घरी गेले, त्यांची नोंद 'मृत' म्हणून न करता 'उपचार थांबवले' अशी वेगळी ठेवा.

आणि अशा पेशंटची राज्यभर एक नोंदवही सुरू करा. काय नोंदवायचं याचा घोळ जगानं कधीच मिटवलाय. नॉर्वेत स्टाव्हांगरजवळच्या उटस्टाइन मठात १९९० मध्ये तज्ज्ञ जमले, त्यावरून त्या नमुन्याला उटस्टाइन म्हणतात. जपाननं २००५ पासून देशभर तशी नोंद ठेवली. शेजारच्या तेलंगणात वारंगळच्या डॉक्टरांनीही ती ठेवून दाखवली. आपल्याकडे १०८ ची सेवा २०१४ पासून आहे. फोन कधी आला याची वेळ तिथे उमटतेच. ती कॅज्युअल्टीच्या केसपेपरपर्यंत आणा, आणि फोनवरच्या माणसाला छाती कशी दाबायची ते सांगायला शिकवा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल.

मला ठाऊक आहे, १०८ तुमच्याकडे, केईएम-सायन-नायर महापालिकेकडे, जे. जे. वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. तीन फायली तीन मजल्यांवर फिरतील. फिरू द्या, पण कागद एकच असू दे.

त्या कागदाचा एक नमुना मी करून सोबत जोडला आहे. पोस्टकार्डाएवढा, मराठीत आणि हिंदीत, कॅज्युअल्टीच्या दारातल्या मामांनाही भरता येईल असा. पाच प्रश्न आहेत. पडताना कुणी पाहिलं? छाती कुणी दाबली, कधीपासून? शॉक कुठे दिला? काय औषध दिलं? आणि सगळ्यांत वर, जाड अक्षरात: पडले तेव्हा कुठली गाडी लागत होती?

आपली,
एक निवृत्त परिचारिका
लालबाग, मुंबई