गाईच्या कॅनमधलं कॅल्शियम

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

हा विषय फोनवर काढला की बाबा "आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू हसत हसत सांगितलंस, पण मला काही हसू आलं नाही. गुडघे दुखतात म्हणून बाबा रोज गाईच्या कॅल्शियमच्या कॅनमधलं औषध घेतात, आणि ठणका जास्त असला की चहाचा अर्धा कप!

बाबा, तुम्ही म्हणणार, कॅल्शियम ते कॅल्शियम, गाईचं काय नि माणसाचं काय. अगदीच खोटं नाही ते. दिवाळीला आले तेव्हा कॅनवरच्या कागदाचा फोटो घेतला होता. 100 मिलीत डी-3 जीवनसत्त्व 8000 युनिट. म्हणजे 10 मिलीत 800, तुमच्या वयाला दिवसाला साधारण तेवढंच लागतं. मोजून चमचाभर घेतलं तर आभाळ कोसळणार नाही, हे मीही मान्य करते. पण तुम्ही मोजता कुठे? कॅन हलवतही नसाल. खाली साका बसतो, वरचं पाणचट येतं, आणि तळाशी आल्यावर एकदम घट्ट.

त्यात डॉक्टरांनी दिलेली ती दुधातून घ्यायची पुडी, आठवड्याला एक. ती डी-3 चीच, 60,000 युनिटची असते. डॉक्टर ती ठरावीक आठवडेच देतात, आणि त्यांच्या हिशेबात गोठ्यातला कॅन धरलेला नाही. बी-कॉम्प्लेक्स जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. डी तसं जात नाही, चरबीत साठून राहतं. फार साठलं की रक्तात कॅल्शियम वाढतं. मग सारखी तहान, रात्री चार-चारदा उठणं, पोट साफ न होणं, मळमळ. यातलं निम्मं आपण "वय झालं" म्हणून सोडून देतो. शिवाय तुम्हाला एकदा मुतखडा होऊन गेलाय.

गाईचं गणितच वेगळं. लिटरभर दुधात सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. आपली तांबडी वीस लिटरवर असते तेव्हा रोज चोवीस-पंचवीस ग्रॅम नुसतं दुधातून बाहेर पडतं. व्याल्यावर ती आडवी पडली होती, मान पोटाकडे वळवून, आणि डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम सोडल्यावर तासाभरात उठली, आठवतं ना? तिची गरज तेवढी आहे. माणसाला दिवसभराचं सगळं मिळून एक ग्रॅम पुरतं, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या दुधा-दह्यातूनच येतं.

मिनरल मिक्श्चरचंही तेच. वाड्यावरच्या मेंढ्यांना गाईची पावडर घालू नका, त्यातल्या तांबे धातूनं मेंढ्या दगावतात, असं तुम्हीच त्या मेंढपाळाला बजावलं होतं. गाईचं मेंढीला चालत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. मग गाईचं स्वतःला कसं चालवून घेता?

आणि खरं सांगू? गुडघ्याचं दुखणं बहुतेक वेळा कूर्चा झिजल्यामुळे असतं. कॅल्शियम प्यायल्यानं ती भरून येत नाही. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम, वजन थोडं कमी, उकिडवं बसून धार काढणं बंद, याचा जास्त उपयोग. धारेला स्टूल घ्या म्हणून किती वर्षं सांगतेय.

पैशाचा प्रश्न असेल तर तालुक्याच्या जनऔषधी दुकानात कॅल्शियमच्या गोळ्या अगदी स्वस्त मिळतात. पण त्याही डॉक्टरांना विचारूनच. आई, तूही ऐक. हाडं बायकांची लवकर ठिसूळ होतात, तेव्हा तपासणी तुझीही. नाचणीची भाकरी आठवड्यातून दोन-चारदा कर, तीळकूट आहेच.

दादा रविवारी येतोय. सोमवारी बाबांना घेऊन जाऊ दे, रक्तातलं कॅल्शियम, डी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन बघून घ्या. कॅनची गोष्ट डॉक्टरांना स्पष्ट सांगायची, लाजायचं नाही. गावाकडच्या डॉक्टरांना असले पेशंट नवीन नसतात. तोवर पुडी आणि कॅन दोन्ही बंद. पुडी पुढे घ्यायची की नाही ते डॉक्टर सांगतील.

कॅन गोठ्यातल्या फळीवरच ठेवा, घरात आणू नका. तांबडी आटवली का, ते कळवा.

तुमची,
ताई