बडे बाबू, तो कागद तुम्ही पालथा ठेवलात

आदरणीय बडे बाबू,
स. न. वि. वि.

कॉलेजच्या ऑफिसात सगळे तुम्हाला याच नावाने हाक मारतात, म्हणून मीही तेच लिहिते. पोरीचं पहिलं सत्र संपत आलं तरी तिच्या प्रवेशाबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. समोर येऊन बोलले असते तर रडूच कोसळलं असतं.

माझ्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा शब्द बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो, पण अंगात रक्त कमी एवढंच लोकांना वाटतं. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं अशी ठणकतात की पोरगी रात्रभर तळमळते. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, पावसात भिजणं, कशाचंही निमित्त पुरतं. आणि प्रवेश नेमके जून-जुलैत! बारावीनंतरचं तिचं वर्ष दवाखान्यातच गेलं, आणि खिडकीखिडकीवर प्रश्न एकच, गॅप का पडला?

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दुसऱ्या एका कॉलेजात गेलो होतो. नाव लिहीत नाही. तिथल्या माणसाने तिचं दिव्यांग प्रमाणपत्र हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं. मागे रांग, रांगेत तिच्याच शाळेतली पोरं. वर म्हणतो, “हातपाय तर धड आहेत, अपंग कशी?” 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही आहेत. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत 5 टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो. हे मी त्याला सांगितलं, तर “आम्हाला कायदा शिकवू नका.” घरी आल्यावर पोरगी म्हणाली, आई, मी शिलाईच शिकते.

तुमच्या टेबलासमोरही रांग होतीच. तुम्ही प्रमाणपत्र मनातल्या मनात वाचलंत, टक्केवारीवर बोट ठेवलंत, आणि कागद पालथा करून वर पेपरवेट ठेवलात. मग माझ्याकडे न बघता तिलाच विचारलंत, “काय बाई, केमिस्ट्रीसोबत बॉटनी घेतेस का झूऑलॉजी?”

किती दिवसांनी कोणीतरी तिला दुखण्याशिवाय दुसरं काही विचारत होतं! “बॉटनी,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज मला ओळखू येईना. मागच्या पोरांना काही कळलं नाही. तरण्या पोरीचा आजार चारचौघांत फुटला की लोक लग्नाच्या गोष्टी काढतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. खरं तर तो आला आम्हा दोघांकडून, एकेक जनुक दोघांचं. लग्नाआधी आमचं रक्त कोणी तपासलं होतं? पण बोट दाखवतात ते तिच्याकडे.

बाकीचे कागद, ते गॅपचं प्रतिज्ञापत्र, सगळं तुम्ही कसं मार्गी लावलंत ते मला अजूनही नीट समजलेलं नाही. तुम्ही मेहेरबानी केली नाही, तिच्या हक्काचं तेच दिलंत, हेही कळतं. पण हक्काचं घेतानाही आमच्यासारख्यांना मान खाली घालावी लागते, ती तुमच्यासमोर घालावी लागली नाही. मी अंगणवाडीत काम करते. रजिस्टरं भरता भरता पुढ्यातला माणूस दिसेनासा होतो, हे मी रोज बघते. तुमच्यापुढे त्या दिवशी केवढा ढीग होता! तरी पोरगी तुम्हाला दिसली.

आता ती पाण्याची बाटली आणि गोळ्या घेऊन रोज एसटीने येते. मध्ये चार-सहा दिवस बुडाले, पण प्रॅक्टिकलची वही पूर्ण आहे, हे तिने मुद्दाम लिहायला सांगितलंय.

आणि एक. प्रवेशानंतर मी मोहफुलांचे लाडू पाठवले होते, ते तुम्ही “कामाचे पैसे सरकार देते” म्हणून परत केलेत. दिवाळीनंतर पुन्हा पाठवते आहे, अख्ख्या ऑफिसला पुरतील एवढे. प्रवेश कधीचाच झाला, आता तर घ्याल?

तुमची,
एक आई