फाशी टळली, पुढे काय?

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा तेवढा अधूनमधून दुखतो. एक गोष्ट तुझ्यावाचून कोणाशी बोलावी असे वाटत नाही, म्हणून लिहितो.

विधी सेवेच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या, कामासाठी कारागृहात गेलो असता जन्मठेपेच्या एका पक्क्या कैद्याने जाळीपलीकडून घड्यांवर फाटत आलेला कागद उलगडून दाखवला. भोगलेली वर्षे, माफीचे म्हणजे शिक्षेतून कमी झालेले दिवस, नाकारलेल्या संचित रजा (कैद्याला काही दिवस घरी जाण्यासाठी मिळणारी सुटी), सारे पेन्सिलीने मांडलेले होते. चौदा वर्षे भरली, आता सुटणार ना, एवढेच तो विचारत होता. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य आणि सुटका शासनाच्या मर्जीवर, हे सर्वोच्च न्यायालयाने गोपाळ गोडसे प्रकरणात १९६१ सालीच सांगितले आहे. पण ते त्याच्या तोंडावर सांगणे मला जड गेले.

लहान मुलांना पळवून मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या गावित बहिणींवरून झालेले आपले भांडण तेव्हापासून मनातून जात नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची फाशी कायम केली, २०१४ साली राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, आणि त्या निर्णयाला झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये फाशीची जन्मठेप केली. "त्या पोरांना कोणी दया दाखवली?" असे तू फोनवर ओरडलास, वहिनी मध्ये पडल्या नसत्या तर आपण रात्रभर भांडलो असतो. चोरीसाठी पळवलेली आणि अडचण होताच मारलेली ती लेकरे मीही विसरलेलो नाही. तरीही आज बोलावणे येईल की उद्या, या धास्तीत येरवड्यात वर्षानुवर्षे काढणे ही कोणत्याच न्यायालयाने न सुनावलेली शिक्षा होती. शिवाय फाशी दिल्यावर चूक उघडकीस आली तर ती सुधारता येत नाही, म्हणून मी आजही फाशीच्या विरोधातच आहे.

परंतु २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या दोघींना कोणतीही माफी न देता मरेपर्यंत कारावास ठरवला, तेव्हा मला समाधान वाटले नाही. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्या दयेची वाट कागदोपत्री उरते. पण वीस-पंचवीस वर्षांनी हा माणूस बदलला आहे का, हे पाहण्याची नेहमीची सोयच काढून टाकली, तर केवळ जीव राखला म्हणून त्या शिक्षेला माणुसकीची म्हणणे मला पटत नाही. सोडाच असे मी म्हणत नाही. विचार करण्यास कोणी बांधील असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

मुग्धाचा निकाल लागला का? नव्या घराचा ताबा मिळाला असेल तर पत्ता कळव.

तू सदैव त्या मुलांच्या बाजूने बोलत आलास, म्हणून तुझे मत मला हवे आहे. फोन करू नकोस, आपण पुन्हा भांडू, सविस्तर लिही.

तुझा,
अरविंद